'ओपन' ही जात नाही : महाडच्या तळ्यापासून भरतीच्या यादीपर्यंत एका शब्दाचा इतिहास

आमच्या सावेडीत 'ओपन' हा शब्द दिवसातून दहा वेळा कानावर पडतो. कॉलनीतला मोकळा तुकडा म्हणजे 'ओपन स्पेस'. तिथे व्यायामाची लोखंडी यंत्रे बसवली की 'ओपन जिम'. बांधकाम न झालेली जागा म्हणजे 'ओपन प्लॉट'. आणि माणसाबद्दल विचारले की उत्तर येते, "तो ना, तो ओपनचा आहे." जागेला लावला तेव्हा या शब्दाचा अर्थ होता 'कुणीही यावे'. माणसाला लावला तेव्हा अर्थ झाला 'आपल्यातला नाही'. एकच शब्द, आणि दोन अगदी उलटे अर्थ!

इंग्रजीतले हे साधे विशेषण मराठीत जातीचे नाव कसे बनले, कुणाच्या सोयीसाठी बनले आणि त्यामुळे आपल्या तरुणांच्या हातून काय निसटते आहे, हे या लेखात मांडायचे आहे. शब्दांचा कीस पाडण्याची हौस म्हणून हे लिहीत नाही. या एका शब्दाच्या चुकीच्या समजुतीपायी आपली मुले अर्ज भरण्याआधीच मैदान सोडून देतात, म्हणून लिहितो आहे.

दार उघडे, पण लंडनमध्ये

सरकारी नोकरीच्या संदर्भात 'ओपन' हा शब्द या देशात आला तो खुल्या स्पर्धेच्या रूपाने. १८३३ च्या सनदी कायद्याने सांगितले की धर्म, जन्मस्थान, वंश किंवा रंग एवढ्याच कारणावरून कुणाही भारतीयाला कंपनीच्या नोकरीतून वगळता येणार नाही. १८५३ च्या कायद्याने वशिल्याच्या नेमणुका संपवल्या आणि १८५५ पासून सनदी सेवेची स्पर्धा परीक्षा सुरू झाली. कागदावर ती सर्वांना खुली होती. पण परीक्षा होत असे लंडनमध्ये. सातासमुद्रापार जायचे, तिथे राहायचे, इंग्रज पोरांच्या अभ्यासक्रमात त्यांच्याशी झुंजायचे. पहिला भारतीय, सत्येंद्रनाथ टागोर, १८६३ मध्ये निवडला गेला. पुढे १८७८ पासून वयाची कमाल मर्यादा २१ वरून १९ वर आणली गेली, म्हणजे उघड्या दाराची फट आणखी बारीक केली.

त्या वेळी दादाभाई नौरोजींपासून सगळे राष्ट्रीय पुढारी एकमुखाने काय म्हणाले? परीक्षा भारतातही घ्या, वय वाढवा, नाहीतर ही 'खुली' स्पर्धा नुसती धूळफेक आहे. ही मागणी रास्त होती. भारतात परीक्षा सुरू व्हायला १९२२ साल उजाडले.

यातली गोम लक्षात घ्या. नियमात दार उघडे असले तरी उंबरठ्यापर्यंत पोहोचण्याची ऐपत, वेळ आणि तयारी सर्वांकडे सारखी नसते, हे इथल्या उच्चवर्णीय पुढाऱ्यांना दीडशे वर्षांपूर्वी पक्के कळत होते. इंग्रजाविरुद्ध त्यांनीच हा युक्तिवाद उभा केला. तोच युक्तिवाद आपण त्यांच्यापुढे मांडला, तेव्हा मात्र त्यांना अचानक 'गुणवत्ता' आठवली.

धारवाडचा मुलगा आणि महाडचे तळे

जून १८५६ मध्ये एका महार मुलाने धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागितला. शाळा सरकारी, पैसा सरकारचा. तरीही मुंबई सरकारने नकार दिला. कारण काय, तर या एकट्या मुलासाठी दार उघडले तर बाकीचे मुलांना काढून घेतील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही! प्रकरण वर गेले. सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांना खुल्या असाव्यात असे कंपनीच्या संचालक मंडळाने १८५८ मध्ये स्पष्ट केले. तत्त्व मिळाले, शाळा मिळाली नाही. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनपुढे शिक्षणाबाबतचे जे निवेदन ठेवले, त्यात हे धारवाडचे प्रकरण आवर्जून मांडले. 'खुले आहे' असे जाहीर करणे आणि 'खुले असणे' यातले अंतर त्यांना दाखवायचे होते.

हेच अंतर महाडला पायाने मोजले गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेल्या वा चालवलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले. कागदावर तळे ओपन झाले. पण पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याला त्यातले ओंजळभर पाणी घेता आले नाही. मुसलमान, ख्रिस्ती, गुरेढोरे, सगळ्यांना तळे चालत होते.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब परिषदेतल्या हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या, आणि १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले गेले. ४ ऑगस्ट १९२७ ला नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच रद्द केला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर सवर्णांनी दिवाणी दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. त्या दाव्याचा आधार नीट वाचा : हे तळे सार्वजनिक नाहीच, ते स्पृश्यांच्या खाजगी मालकीचे आहे आणि अनादी काळापासून केवळ त्यांच्याच वहिवाटीत आहे!

'सर्वांसाठी खुले' असलेली जागा आधी वहिवाटीने ताब्यात घ्यायची, मग ती वहिवाट हाच हक्क आहे असे म्हणायचे, आणि खरा हक्कदार आला की त्यालाच घुसखोर ठरवायचे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. तळे नगरपालिकेचे ठरले आणि अनादी काळाची वहिवाट सिद्ध झाली नाही. लढाई दहा वर्षे चालली.

महाडचा हा इतिहास आपण दरवर्षी २० मार्चला भाषणात सांगतो. पण आजचे चवदार तळे कोणते, हे कितीदा विचारतो?

संविधानाने केलेला उलगडा

बोले ठरावाची भाषा आणि संविधानाचे कलम १५(२) शेजारी ठेवून वाचा. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापरात धर्म, जात, लिंग यावरून कुणालाही अडवता येणार नाही. महाडचे पाणीच त्या कलमात उतरले आहे. तरीही १९७२ मध्ये बाबा आढावांना 'एक गाव, एक पाणवठा' ही मोहीम महाराष्ट्रात गावोगाव न्यावी लागली. संविधान लागू होऊन तेव्हा बावीस वर्षे झाली होती.

नोकरीतील आरक्षण कलम १६(४) मध्ये आहे, पण ते कलम १६(१) च्या शेजारी आहे. १६(१) म्हणते की सरकारी नोकरीत सर्व नागरिकांना समान संधी. 'सर्व नागरिक' यात आपण आलो की नाही? राखीव जागा मिळाल्या म्हणून आपण नागरिकत्वाच्या त्या मूळ यादीतून कमी झालो, असे संविधानात कुठेही लिहिलेले नाही.

हा प्रश्न राजकारणात फार लवकर कोर्टात गेला, आणि त्याची कहाणी आपल्या तरुणांना माहीत असायलाच हवी. १९५७ च्या लोकसभा निवडणुकीत काही मतदारसंघ द्विसदस्य होते, एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. आंध्रातील पार्वतीपुरम मतदारसंघात मतांच्या क्रमाने पहिले दोन्ही उमेदवार आदिवासी निघाले. एकाला राखीव जागा मिळाली आणि दुसऱ्याला, डिप्पला सूरी डोरा यांना, सर्वसाधारण जागेवर विजयी घोषित केले गेले. हरलेले उमेदवार होते व्ही. व्ही. गिरी, माजी केंद्रीय मंत्री आणि पुढे देशाचे राष्ट्रपती. ते सर्वोच्च न्यायालयात गेले. आदिवासी उमेदवाराने राखीव जागेसाठी अर्ज भरला असताना त्याला सर्वसाधारण जागा कशी, असा त्यांचा प्रश्न होता. १९५९ मध्ये न्यायालयाने बहुमताने गिरींचे म्हणणे फेटाळले. सर्वसाधारण जागा कुणा जातीची नसते, मते जास्त असतील तर ती आदिवासीचीही आहे, हा त्या निकालाचा गाभा. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, द्विसदस्य मतदारसंघ कायद्याने बंद झाले. योगायोग म्हणायचा की आणखी काही, ते वाचकांनी ठरवावे.

'खुला प्रवर्ग' नावाचा गोंधळ

आता भरतीकडे येऊ. १६ नोव्हेंबर १९९२ च्या इंद्रा साहनी निकालात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की मागास प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणवत्तेवर खुल्या स्पर्धेत निवडला गेला, तर तो राखीव कोट्यात मोजायचा नाही. १९९५ मध्ये आर. के. सभरवाल प्रकरणात हेच तत्त्व बिंदुनामावलीच्या संदर्भात पक्के झाले. केंद्र सरकारच्या १ जुलै १९९८ च्या आदेशातही हे आहे. म्हणजे 'ओपन' हा पाचवा-सहावा कोटा नाही. ती सर्वांची एकत्र गुणवत्ता यादी आहे. भरतीत आधी ही यादी लागते, जात न पाहता लागते, आणि मग राखीव जागांची पाळी येते.

मग गोंधळ कुठून आला? भाषेतून आला आणि तिथून कार्यालयात शिरला. 'खुला' या विशेषणाला 'प्रवर्ग' हे नाम चिकटले की ऐकणाऱ्याला वाटते, जसा अनुसूचित जातींचा प्रवर्ग, जसा ओबीसींचा प्रवर्ग, तसाच हा कुणातरी लोकांचा प्रवर्ग. महाराष्ट्रात १३ ऑगस्ट २०१४ च्या शासकीय परिपत्रकावरून हाच वाद पेटला. समांतर आरक्षणात खुल्या महिलांसाठीच्या जागा भरताना मागास प्रवर्गातील महिलांचा विचार करायचा नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. जास्त गुण असलेल्या मुली बाहेर आणि कमी गुण असलेल्या आत! आपल्या भगिनी उच्च न्यायालयात गेल्या आणि बीड जिल्हा निवड समितीच्या प्रकरणासह काही प्रकरणांत न्याय मिळवून आल्या.

अखेर १८ डिसेंबर २०२० रोजी सौरव यादव विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हा प्रश्न निकाली काढला. उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीत एका ओबीसी महिलेला २७६ हून जास्त गुण होते, तर सर्वसाधारण महिलांच्या यादीत शेवटची निवड २७४ च्या घरात झाली होती. तरी ती ओबीसी महिला बाहेर होती, कारण तिच्या फॉर्मवर जात लिहिलेली होती. न्या. उदय लळीत यांनी मुख्य निकाल दिला. न्या. रवींद्र भट यांनी आपल्या स्वतंत्र पण सहमतीच्या निकालात सांगितले की खुला प्रवर्ग हा कोटा नाही, तो सर्वांना खुला आहे आणि तिथे दिसण्याची एकमेव अट गुणवत्ता आहे. १९२७ मध्ये तळ्याबद्दल जे सांगावे लागले, तेच २०२० मध्ये यादीबद्दल सांगावे लागले.

थोडे गणित

कल्पना करा, १०० जागांची भरती आहे आणि त्यात अनुसूचित जातींना १३ जागा आहेत. आपल्यातल्या तीन उमेदवारांना इतके गुण आहेत की ते सर्वसाधारण गुणवत्ता यादीतच येतात. नियमाप्रमाणे ते तिघे तिकडे मोजले जातील आणि राखीव १३ जागा आणखी १३ जणांना मिळतील. एकूण १६. पण त्या तिघांना 'तुम्ही एससीचे' म्हणून राखीव यादीत ढकलले, तर एकूण १३ च. तीन घरांतल्या नोकऱ्या गेल्या आणि कुणाला पत्ताही लागला नाही. शिवाय राखीव यादीचा कटऑफ फुगला, तो वेगळाच. आरक्षणाची टक्केवारी ही किमान हमी आहे, तिला कमाल मर्यादा करून टाकण्याचा हा सर्वात बिनबोभाट मार्ग आहे.

महाराष्ट्रात आज अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त व भटक्या ११, विशेष मागास २ आणि ओबीसी १९ असे ५२ टक्के आरक्षण आहे. त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याचे मराठा समाजासाठीचे १० टक्के. उरले २८. हे २८ टक्के कुणाचे? कायदा म्हणतो, सगळ्यांचे. समाज म्हणतो, 'ओपनवाल्यांचे'.

यात एक मोठा विनोद आहे. २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आलेले आर्थिक दुर्बलांचे १० टक्के आपल्यातल्या गरिबाला मिळत नाहीत. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींना त्यातून वगळले आहे, आणि ७ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते वैध ठरवले. म्हणजे खऱ्या अर्थाने बंद असलेला कोटा तिकडे आहे आणि 'बंद दाराचे लोक' म्हणून हिणवले जातो आपण.

मनातली वहिवाट

दिल्लीचे समाजशास्त्रज्ञ सतीश देशपांडे यांनी २०१३ मध्ये 'जनरल कॅटेगरी'चे चरित्र मांडणारा एक लेख लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : स्वतंत्र भारतात उच्च जातींना आपले पिढीजात जातीय भांडवल शिक्षण, मालमत्ता, नोकरी यांत बदलून घेता आले आणि मग जात विसरल्याचे सांगता आले. मागासांना मात्र हक्क मागण्यासाठी प्रत्येक वेळी जात सांगावी लागते. परिणामी जात असते ती फक्त 'त्यांना', आम्ही बिनजातीचे. 'ओपन' हा शब्द नेमके हेच काम करतो. जात असून ती न सांगण्याची सोय करतो. लग्नाच्या जाहिरातीत, भाड्याच्या खोलीच्या चौकशीत, वसतिगृहातल्या ओळखीत 'आम्ही ओपन' म्हटले की जातही कळते आणि जातीयवादी असल्याचा आरोपही लागत नाही.

त्यांनी हा शब्द असा वापरावा, यात नवल नाही. नवल आपले आहे. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या मुलांशी बोलताना मी नेहमी ऐकतो, "दादा, ओपनशी आपला काय संबंध? आपला कटऑफ किती लागला ते सांगा." हुशार, कष्टाळू पोरगा, पण त्याने अभ्यासाचे लक्ष्यच राखीव यादीच्या शेवटच्या गुणापाशी बांधून ठेवलेले असते. इंजिनिअरिंगच्या प्रवेश यादीत 'जीओपन' दिसले की पालक ती ओळ सोडून देतात. महाडला तळे कागदावर खुले झाल्यावर तीन वर्षे आपले लोक तिकडे फिरकले नव्हते. त्यांना मार खाण्याची भीती होती, आणि ती खरी होती. आज यादीकडे न फिरकण्याचे कारण काय? इथे कुणी लाठी घेऊन उभा नाही. शब्दच राखण करतो आहे.

याचा अर्थ असा नाही की राखीव जागेवरून जाणे कमीपणाचे आहे. अजिबात नाही. ती हक्काची जागा आहे, कुणाची मेहेरबानी नाही. 'दम असेल तर ओपनमधून या' हे आव्हान देणाऱ्यांना एवढेच सांगायचे : आम्ही येतो तेव्हा परिपत्रक कोण काढते? तुमच्या 'गुणवत्ते'ला २७६ गुणांची मुलगी नको आणि २७४ ची चालते, तेव्हा ती गुणवत्ता नसते, वहिवाट असते.

सावेडीचा ओपन स्पेस

हाच शब्द आमच्या उपनगराच्या जमिनीवरही तपासून पाहा. मनमाड रोडच्या दोन्ही बाजूंना, पाइपलाइन रोड, गुलमोहर रोड परिसरात शेतजमिनींचे लेआउट पडत गेले आणि सावेडी वाढली. मोठ्या लेआउटमध्ये साधारण दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. ती कुणा एका प्लॉटधारकाची नसते. मुलांनी खेळावे, म्हाताऱ्यांनी बसावे, झाडे लावावीत यासाठी ती असते. पण कितीतरी कॉलन्यांत त्या तुकड्यावर आधी ओटा येतो, मग शेड, मग कळस, आणि मग गेटला कुलूप. सार्वजनिक जागेवर नवे बेकायदा प्रार्थनास्थळ होऊ देऊ नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २९ सप्टेंबर २००९ चा आहे. तो पाळला जातो का, हे आपापल्या कॉलनीत चक्कर मारून बघा.

एकदा अशा ओपन स्पेसवर भीमजयंतीचा कार्यक्रम घ्यायचा ठरला, तेव्हा "ही जागा सगळ्यांची आहे, एका समाजाची नाही" असे उत्तर आम्हाला मिळाले. त्याच जागेवर वर्षभर काय काय होते, हे सांगणाऱ्यालाही माहीत होते. 'सगळ्यांची' म्हणजे 'आमची', हा अर्थ पुन्हा तोच. हा नियम आपल्यालाही लागू आहे, हेही ठणकावून सांगतो. ओपन स्पेस बळकावून विहार बांधणे हे महाडचा वारसा सांगणाऱ्यांना शोभणारे नाही. विहार आपल्या जागेवर, आपल्या वर्गणीतून उभा राहावा. ओपन स्पेसवर मागायची तर अभ्यासिका मागा, जिथे कॉलनीतले कुठलेही लेकरू दिवाबत्तीला येऊन बसेल.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, बोलण्यातून 'ओपनवाले', 'ओपनची पोरं' हे शब्द काढून टाका. सवर्ण म्हणायचे असेल तर सवर्ण म्हणा. ज्याची जी जात असेल ती सांगू द्या त्यांना. यादीचे नाव त्यांना बहाल करू नका.

दुसरी, फॉर्म भरण्याआधी त्या भरतीची जाहिरात पूर्ण वाचा. वयाची किंवा इतर सवलत घेतल्यावर सर्वसाधारण यादीत विचार होतो की नाही, हे त्या त्या भरतीच्या नियमांवर अवलंबून असते. वय सर्वसाधारण मर्यादेत असेल तर सवलत विनाकारण घेऊ नका. जातीचा दाखला आणि जात नोंदवण्याचा हक्क मात्र सोडू नका. जात नोंदवल्याने सर्वसाधारण यादीतला हक्क जात नाही.

तिसरी, निकाल लागला की दोन्ही याद्या शेजारी ठेवा. सर्वसाधारण यादीतल्या शेवटच्या उमेदवारापेक्षा जास्त गुण असलेला आपला कुणी राखीव यादीत दिसतो का ते पाहा. दिसला तर माहितीच्या अधिकारात गुणांसह यादी मागवा, मुदतीत हरकत नोंदवा, गरज पडली तर न्यायाधिकरणात जा. २०२० च्या निकालाची प्रत सोबत ठेवा. प्रत्येक तालुक्यात असे काम करणारी चार-पाच मुले-मुली उभी राहिली, तरी पुष्कळ घरांतल्या चुली पेटतील.

महाडच्या दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेबांनीच सांगितले होते की चवदार तळ्याचे पाणी प्याल्याने आपण अमर होणार नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी आपण तिथे जात आहोत. खुल्या यादीकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. तिथे नाव आले म्हणून आपण मोठे होत नाही आणि राखीव यादीत आले म्हणून लहान होत नाही. पण जी यादी कायद्याने सर्वांची आहे, तिच्यावर कुणी एकट्याची पाटी लावत असेल, तर ती पाटी उतरवणे हे आपले काम आहे.

जय भीम!